पाण्याखाली श्वास घेताना

विहिरीत बुडी मारणारा एखादा तरी माणूस प्रत्येक गावात असतो. घागर बुडाली, पोहरा तुटून पडला, पंपाचा फुटव्हॉल्व गाळात रुतला, की त्याला हाक जाते. तो येतो. काठावर उभा राहतो. छाती भरून श्वास घेतो, दाबून धरतो आणि उडी टाकतो. वर उभे असलेले लोक मनातल्या मनात आकडे मोजतात. अर्धा मिनिट होतो. पाऊण मिनिट होतो. मग पाण्यावर डोके दिसते आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

श्वास धरणे हीच या बुडीची सारी विद्या. ज्याचा दम मोठा, तो बुडीत पटाईत.

आता बुडी मारायची दुसरी एक रीत आहे. तिच्यात माणूस हवेचा सिलिंडर पाठीवर बांधून पाण्यात उतरतो. चांगला पाऊण तास खाली राहतो. मासे पाहतो, बोटीचा तळ तपासतो, बुडालेली वस्तू शोधतो. या साधनाला स्क्यूबा म्हणतात. पाच इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरे घेऊन हे नाव बनले आहे. आपल्याबरोबर नेलेले, पाण्याखाली श्वास घ्यायचे साधन, असा त्याचा अर्थ.

आपल्या कोकणात मालवणजवळच्या समुद्रात हे लोक नेहमी दिसतात. तेथे सिंधुदुर्ग किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी तो १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतला. त्या किल्ल्याच्या आसपास पाणी उथळ आहे, खडक आहेत, रंगीत मासे आहेत. शेजारी तारकर्लीला ही विद्या शिकवण्याची संस्थाही निघाली आहे.

या विद्येचा पहिला धडा कोणता, ठाऊक आहे? पाण्यात श्वास कधीही धरायचा नाही!

ऐकून नवल वाटेल. विहिरीत ज्या गोष्टीने माणूस वाचतो, त्याच गोष्टीने तो येथे मरू शकतो. हे कसे, ते नीट समजून घेऊ.

उलटा लोटा

एक रिकामा लोटा घ्या. तो उलटा धरून पाण्यात सरळ खाली दाबा. लोट्यात पाणी शिरत नाही, कारण आत हवा आहे. हे आपण लहानपणीच करून पाहिलेले असते.

आता समजा, हाच लोटा उलटा धरून कोणी दहा मीटर खोल नेला. दहा मीटर म्हणजे सुमारे तेहतीस फूट. तेथे पाहिले तर लोटा पाण्याने अर्धा भरलेला दिसेल. हवा कोठे गेली? कोठेच गेली नाही. वरच्या पाण्याच्या भाराने ती दबली आणि अर्ध्या जागेत मावली. वीस मीटरवर ती तिसऱ्या हिश्श्यावर येते. तीस मीटरवर पाव हिश्श्यावर. लोटा परत वर आणला की हवा फुगत फुगत पहिल्याइतकी होते.

आपली फुप्फुसे या लोट्यासारखीच आहेत. विहिरीत बुडी मारणारा वरून हवा भरून नेतो. खाली ती दबते, वर येताना पुन्हा पूर्ववत होते. जेवढी नेली तेवढीच परत आली. त्यात काही बिघडत नाही.

पण सिलिंडरवाला काय करतो? तो दहा मीटर खोलीवर, खालीच, नवा श्वास घेतो. ही हवा आधीच दाबलेली आहे. समजा त्याने छाती भरून सहा लिटर हवा घेतली, श्वास धरला आणि घाबरून तसाच वर आला. वर येईपर्यंत त्या सहा लिटरांचे बारा लिटर होतात. छातीत जागा सहाचीच. मग काय होणार? सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मारतच राहिले तर जे होते तेच. फुप्फुस फाटते. हवेचा बुडबुडा रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतो. त्याला फार खोल जावे लागते असेही नाही. पुरुषभर पाण्यातही असे अपघात घडले आहेत.

म्हणून शिकवणारा पहिल्या दिवशी सांगतो, दुसऱ्या दिवशी सांगतो आणि शेवटच्या दिवशीही सांगतो, “श्वास चालू ठेवा. आत, बाहेर. आत, बाहेर. थांबू नका.”

नुसती नळी का चालत नाही?

कोणी म्हणेल, एवढा सिलिंडर कशाला? पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात धरावा, त्याचे दुसरे टोक पाण्यावर ठेवावे आणि खाली बसावे. पोरे असे करतात खरे. पण ती वीतभर पाण्याखालीच असतात. तोच देठ लांब करून कमरेएवढ्या पाण्याखाली जाऊन पाहिले, तर छाती फुगतच नाही. पाणी चारी बाजूंनी छाती दाबते. छातीवर धान्याचे पोते ठेवून श्वास घ्यायला सांगावे, तसा प्रकार होतो. आतली हवा बाहेरच्या पाण्याइतक्याच दाबाची असेल, तरच श्वास घेता येतो.

ही अडचण माणसाने हळूहळू सोडवली. एकोणिसाव्या शतकात पितळी-तांब्याचा टोप डोक्यावर घालून पाणबुडे उतरू लागले. वर बोटीवर माणसे पंप हलवीत आणि नळीतून खाली हवा जाई. बंदरांची, पुलांची बरीच कामे त्या लोकांनी केली. पण नळी अडकली किंवा तुटली की संपले. शिवाय दावणीला बांधलेल्या बैलाला जेवढे फिरता येते, तेवढेच त्यांना फिरता येई.

दावे तुटले १९४३ साली, फ्रान्स देशात. तेव्हा महायुद्ध चालू होते. पेट्रोल मिळत नव्हते म्हणून लोक मोटारी गॅसवर चालवीत. एमिल गान्यां नावाच्या इंजिनियरने अशा मोटारीसाठी एक झडप केली होती. इंजिन जेवढा गॅस ओढील तेवढाच ती सोडी. नौदलातले अधिकारी जाक-इव्ह कुस्तो त्याच्याकडे गेले. मोटारीला जे जमते ते माणसाच्या तोंडाला का जमू नये, असा विचार झाला. पहिला प्रयोग पॅरिसजवळ मार्न नदीत, थंडीच्या दिवसांत केला. आडवे पोहताना हवा ठीक येई. उभे राहिले की ती फुकट वाहून जाई आणि डोके खाली केले की येईना. श्वास सोडायची वाट चुकीच्या उंचीवर होती. ती झडपेच्या शेजारी आणली आणि काम झाले. मोटारीच्या सुट्या भागातून माणसाला पाण्यात मोकळे फिरता येऊ लागले!

या झडपेची कल्पना आपल्या गोठ्यातच आहे. वासरू कासेला तोंड लावून ओढते तेव्हाच दूध येते. सोडले की थांबते. झडपेचेही तसेच. तिच्यात रबराचा एक पातळ पडदा असतो. पडद्याच्या बाहेर पाणी, आत हवा. आपण श्वास ओढला की पडदा आत दबतो, एक छोटी दांडी हलते आणि हवेची वाट उघडते. ओढणे थांबले की वाट बंद. पाणी खोल असेल तर ते पडद्यावर जास्त जोर लावते आणि हवाही तितक्याच जोराची येते. माणसाला काही फिरवावे लागत नाही, मोजावे लागत नाही.

सिलिंडरात काय असते?

पुष्कळ लोक त्याला ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणतात. वर्तमानपत्रेही तसेच छापतात. ते बरोबर नाही. त्यात आपली साधी हवा असते, आपण आता घेत आहोत तीच. फक्त ती स्वच्छ आणि कोरडी करून यंत्राने दाबून भरलेली असते. निव्वळ ऑक्सिजन सहा-सात मीटरच्या खाली विषासारखा चढतो आणि माणसाला झटके येतात.

नेहमीच्या सिलिंडरच्या पोटात सुमारे अकरा लिटर पाणी मावेल. पण हवा मात्र दोन हजार लिटरहून जास्त कोंबलेली असते. म्हणजे दोनशे पट दाब. म्हणूनच त्याचे कवच जाड असते आणि ते ठरावीक वर्षांनी तपासून घ्यावे लागते.

ही हवा भरणारे यंत्रही खास असते. पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने हे काम करू नये. त्याच्या हवेत तेलाचा अंश येतो. आणि इंजिनाचा धूर जर हवेबरोबर आत ओढला गेला, तर खाली गेलेला माणूस गुंगी येऊन तेथेच राहतो. त्या धुरातल्या विषारी वायूला ना रंग, ना वास. जुन्या विहिरीत विषारी हवेने एकामागून एक माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. येथे तर ती हवा माणूस आपल्याच पाठीवर घेऊन उतरेल.

समजा, तुम्हीच शिकायला गेलात

आता समजा, तुम्हीच शिकायला गेलात. बाया-पुरुष दोघांनाही शिकता येते. आधी एक कागद भरायला देतील. दमा आहे का, हृदयाचा विकार आहे का, कानातून पू येतो का, फिट येते का, बाई गरोदर आहे का, असे त्यात विचारलेले असते. येथे खोटे लिहू नये. एखाद्याला वाटते, एवढे पैसे खर्चून आलो आणि आता नको म्हणतील! पण दम्याच्या माणसाची हवा फुप्फुसात अडकली तर वर येताना काय होईल, हे आपण लोट्यावरून पाहिलेच आहे. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी थांबावे. दारू प्यालेल्याने तर पाण्याजवळही जाऊ नये.

मग सामान अंगावर चढते. पाठीवर सिलिंडर, त्याला जोडलेले फुगणारे जाकीट, कमरेला शिशाचे वजन. सगळे मिळून वीस किलोच्या आसपास जाते. उन्हात उभे राहिले तर खांदे भरून येतात. पायात बदकाच्या पायांसारखे लांब पंखे घालतात. ते घालून वाळूत चालायचे असेल तर उलटे, मागे मागे चालावे लागते. सरळ चाललात की तोंडघशी पडाल. पाहणारे हसतात. हसू द्यावे. पाण्यात शिरलात की त्याच सामानाचे ओझे कोठे गेले ते कळत नाही.

डोळ्यांवर काचेचा मुखवटा लागतो. उघड्या डोळ्यांनी पाण्यात सगळे धुरकट दिसते. डोळ्यापुढे थोडी हवा असली की स्पष्ट दिसते. हा मुखवटा नाकही झाकतो. का, तर खोल गेल्यावर त्याच्या आतली हवाही दबते आणि मुखवटा तुंबडीसारखा चेहऱ्याला ओढतो. तेव्हा नाकाने थोडी हवा आत सोडायची. काचेवर वाफ धरू नये म्हणून उतरण्याआधी लोक काचेत आतून थुंकतात, चोळतात आणि धुऊन टाकतात. किळस येते, पण उपाय जुना आणि चांगला आहे.

पहिला धडा कमरेएवढ्या पाण्यात होतो. नळीचे तोंड दातांत धरायचे, ओठ मिटायचे आणि चेहरा पाण्यात घालायचा. एवढेच. पण याच ठिकाणी भलेभले अडतात. नाक-तोंड पाण्यात गेले की श्वास रोखायचा, हे आपल्या शरीराला जन्मापासून माहीत आहे. डोके सांगते, हवा आहे, घे. छाती म्हणते, मी नाही घेणार. पट्टीचा पोहणारा तर जास्त अडतो, कारण त्याची सवय पक्की झालेली असते. ज्याला पोहणे बेताचेच येते, तो कधी कधी हा धडा लवकर शिकतो. शिकवणारा घाई करीत नाही. एक श्वास होतो. घर्र असा आवाज येतो. मग सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे कानाजवळून खळखळत वर जातात. दहा-वीस श्वास झाले की छाती हट्ट सोडते.

पुढचा धडा मुद्दाम बिघाड करण्याचा. नळीचे तोंड खालीच काढायचे आणि परत घालायचे. तोंडातून काढले तरी श्वास धरायचा नाही. ओठांतून बारीक बुडबुडे सोडीत राहायचे. परत घातल्यावर आत पाणी असते. जोराने फुंकले की ते निघून जाते, मगच श्वास ओढायचा. हे न विसरता जमले पाहिजे.

मग मुखवट्यात पाणी घ्यायचे. मला विचाराल तर सगळ्यांत अवघड धडा हाच. नाकाशी पाणी आले की माणूस बिथरतो आणि वर धावतो. पण वर धावायचे नसते. मुखवट्याची वरची कड बोटांनी दाबायची, मान थोडी वर करायची आणि नाकाने लांब श्वास सोडायचा. हवा पाण्याला खालून बाहेर ढकलते. एक-दोन वेळा नाकात पाणी जाते, ठसका लागतो. नळीत तोंड ठेवूनच खोकायचे. नळीतून खोकला बाहेर जातो, काही होत नाही.

कानांचेही एक प्रकरण आहे. दोन-तीन मीटर खाली गेले की कान दुखू लागतात. कानाच्या पडद्याबाहेर पाण्याचा दाब वाढतो, आत मात्र पहिलाच असतो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच हवा दाबायची. कानात टक् असे होते आणि दुखणे जाते. हे दुखायच्या आधीच, थोडे थोडे खाली जाताना करायचे. कान उघडलाच नाही तर थोडे वर यायचे. तरीही नाहीच उघडला, तर त्या दिवसाची बुडी सोडून द्यायची. मर्दुमकी दाखवून पडदा फाडून घेण्यात अर्थ नाही.

मग तरंगणे. जाकिटात हवा भरली की वर, सोडली की खाली. पण खरी करामत श्वासाची असते. पूर्ण श्वास घेतला की शरीर थोडे उचलते, सोडला की थोडे बसते. जाणता पाणबुड्या हात न हलवता, घारीसारखा एका जागी राहतो. नवा माणूस हातपाय मारतो, तळाचा गाळ ढवळतो आणि प्रवाळ मोडतो. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. लहान लहान जिवांनी वर्षानुवर्षे बांधलेले ते घर असते. त्याला लाथ बसता कामा नये.

पाण्यात बोलता येत नाही, म्हणून खुणा शिकवतात. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की, सगळे ठीक. अंगठा वर केला की, वर चला. येथे हमखास गोंधळ होतो. आपण जमिनीवर ‘झकास’ म्हणायला अंगठा दाखवतो. खाली तोच दाखवला तर शिकवणारा तुम्हाला वर घेऊन येईल! गळ्यावरून आडवा हात फिरवला की, माझी हवा संपली. तेव्हा जोडीदार आपले जादा तोंड पुढे करतो. प्रत्येकाजवळ असे एक जादा तोंड असते. ते चटकन दिसावे म्हणून बहुधा पिवळे असते. जोडीदार कायम हवाच. एकट्याने उतरायचे नाही.

हवेचा हिशेब

सिलिंडरला घड्याळासारखा एक काटा असतो. किती हवा उरली ते तो दाखवतो. पाण्यावर जी हवा पावणेदोन तास पुरेल, ती दहा मीटरवर त्याच्या अर्धाच वेळ पुरते आणि वीस मीटरवर तिसरा हिस्सा. कारण खाली प्रत्येक श्वासात दबलेली, म्हणजे जास्त हवा जाते. घाबरट माणसाची आणखी लवकर संपते. तो धापा टाकतो.

शेतकरी घरातले सगळे धान्य खात नाही, बियाणे राखतो. तसे येथे रुपयात चार आणे हवा राखून वर यायचे असते. काटा पन्नासावर यायच्या आधी परतीची वाट धरलेली पाहिजे.

सावकाश वर

आता शेवटची गोष्ट. ती ध्यानात यायला माणसाला पुष्कळ किंमत मोजावी लागली.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात ब्रुकलिनचा प्रसिद्ध पूल आहे. १८७० साली त्याच्या पायाचे काम सुरू झाले. नदीच्या तळावर अवाढव्य लाकडी पेट्या उलट्या ठेवल्या होत्या, आपल्या लोट्यासारख्या. आत दाबून हवा भरली होती. मजूर त्यात शिरून तळ खणीत. काम करताना ते ठणठणीत असत. पाळी संपवून वर आले की काहींचे सांधे असे दुखू लागत की माणूस वाकडा होई. कोणाचे पाय लुळे पडत. काही मेले. पुलाचा मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः १८७२ साली यात सापडला आणि अंथरुणाला खिळला. त्याची बायको एमिली त्याचे सांगणे कामावर पोचवी. असे करीत १८८३ साली पूल पुरा झाला.

हा रोग कशाचा, ते १८७८ साली पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवले. गोटी सोड्याची बाटली उघडण्याआधी पाणी कसे शांत दिसते! गोटी दाबली की बुडबुडे उसळतात. दाब होता तोवर वायू पाण्यात विरघळून होता. दाब एकदम गेला आणि तो बाहेर पडला. आपल्या रक्ताचेही तसेच. हवेत पाचापैकी चार भाग नायट्रोजन असतो. आपण युरियातून पिकाला देतो ते नत्र, तेच हे. खोल पाण्यात तो रक्तात आणि मांसात मुरतो. सावकाश वर आलो तर श्वासावाटे निघून जातो. धावत वर आलो तर अंगातच बुडबुडे होतात.

किती सावकाश यायचे, याचा हिशेब ब्रिटनच्या हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने बसवला आणि १९०८ साली छापला. त्याने प्रयोग केले शेळ्यांवर. लोखंडी कोठीत शेळ्या ठेवून दाब वाढवायचा आणि मग उतरवायचा. जिचा पाय दुखे ती शेळी पुढचा पाय उचलून धरी. शेळी बोलली नाही, तरी तिने सांगितले! त्या हिशेबात पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या, पण पाया तोच.

आजचा साधा नियम असा. मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचे नाही. आपले सगळ्यांत बारीक बुडबुडे पाहायचे आणि त्यांच्या मागे राहायचे. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. आणि बुडी मारल्यावर निदान अठरा तास विमानात बसायचे नाही किंवा उंच डोंगर चढायचा नाही, कारण वर हवेचा दाब आणखी कमी असतो. तरीही त्रास झालाच, तर रुग्णाला ऑक्सिजन द्यायचा आणि दाबाची कोठी असलेल्या दवाखान्यात न्यायचे. मालीश करून, घरी झोपवून हे दुखणे जात नाही.

मालवणला पर्यटक तासाभराच्या शिकवणीवर खाली जाऊन येतात. तेव्हा शिकलेला माणूस त्यांना मागून धरून असतो आणि सगळी झडपे तोच सांभाळतो. ती मौज आहे, विद्या नव्हे. तिला गेलात तरी दोन गोष्टी विचाराव्यात. मला धरणारा माणूस शिकलेला आहे का? आणि तो एका वेळी किती जणांना नेणार? पुरी विद्या शिकायला काही दिवस लागतात. शिकलेल्यालाही सुरुवातीला अठरा मीटरपर्यंतच मोकळीक असते. पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि पाणी गढूळ होते. तेव्हा हे काम बंद असते.

जे लोक पोटासाठी किंवा कर्तव्य म्हणून हे करतात, त्यांना मात्र नेहमीच निळे पाणी मिळत नाही. आपल्या नौदलाची पाणबुड्यांची शाळा कोचीला आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या गाड्या वाहून गेल्या. तेव्हा नौदलाचे पाणबुडे त्या पुरात शोधाला उतरले. नदी वेगात, पाणी मातकट. अशा ठिकाणी खालचा माणूस बहुतेक हाताने चाचपून शोध घेतो. पण श्वास तोच, आत आणि बाहेर. कमरेएवढ्या पाण्यात शिकलेला.

वर आल्यावरही काम उरतेच. समुद्राच्या खारट पाण्याने झडपा गंजतात आणि रबर कडक होते. म्हणून सगळे सामान गोड्या पाण्यात बुडवून धुतात आणि सावलीत टांगतात. सिलिंडरमध्ये थोडी हवा मुद्दाम ठेवतात, म्हणजे आत पाणी शिरत नाही. मग तो भरणाऱ्याकडे जातो. भरणारा हवा ओढण्याची नळी वाऱ्याच्या बाजूला, इंजिनाच्या धुरापासून लांब आहे ना, हे पाहून यंत्र सुरू करतो.